टूरिंग बाइकचा मागचा टायर: टिकणारा कसा निवडायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना संपत आला की ओळखीतल्या बाइकवाल्यांचे फोन सुरू होतात. निम्म्यांना पावसाळ्याआधी टायर बदलायचा असतो, उरलेल्यांना लडाखला निघायच्या आधी. प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी साताऱ्याचा. आधी रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० होती, आता त्यांचीच हिमालयन ४११ आहे. त्यामुळे उदाहरणं बहुतेक याच वर्गातल्या गाड्यांची आहेत.

मागचा टायर पुढच्याच्या आधी का संपतो?

इंजिनाची सगळी ताकद रस्त्यावर उतरते ती मागच्या चाकातून. तुमचं, डबलसीट बसलेल्याचं आणि सामानाचं वजनही बहुतेक त्याच्याच डोक्यावर. घाट उतरताना गाडी गिअरवर रोखून धरता, तेव्हाही ओढ मागच्याच चाकाला. म्हणून पुढचा एक टायर संपेपर्यंत मागचे साधारण दोन संपतात.

त्यात हायवेची भर. पुण्याहून बेंगळुरूकडे तीनशे किलोमीटर सरळ चालवलंत तर रबर झिजतं ते फक्त मधल्या पट्ट्याचं. कडा तशाच राहतात आणि गोल टायर हळूहळू चौकोनी होतो. हात आडवा फिरवून बघा. मधे सपाट आणि दोन्ही बाजूंना उंचवटा लागला तर काम झालेलं आहे. असा टायर सरळ रस्त्यावर काही बोलत नाही. पसरणी घाटात गाडी वळणात झोपवली की चाक त्या उंचवट्यावरून एकदम पलीकडे पडल्यासारखं होतं. लोक सस्पेन्शन तपासत बसतात, दोष टायरचा असतो.

किती किलोमीटर चालला म्हणजे चांगला टिकला?

३५० ते ४५० सीसीच्या गाडीवर, डांबरी रस्त्याचा टायर आणि बरा हात असेल तर बारा ते वीस हजार. जास्त ताकदीच्या गाडीवर मऊ स्पोर्ट टायर टाकलात तर आठ हजारांतही संपतो, आणि त्यात कुणाची फसवणूक झालेली नसते.

किलोमीटरपेक्षा मी किलोमीटरमागचा खर्च बघतो. समजा एक टायर ३,००० रुपयांचा आणि तो १२,००० किमी चालला, तर किलोमीटरला २५ पैसे. दुसरा ४,५०० चा आणि चालला २०,०००, तर साडेबावीस पैसे. फरक अडीच पैशांचा. त्या अडीच पैशांसाठी लोक तासन्‌तास भांडतात आणि हवा मात्र दोन-दोन महिने बघत नाहीत.

टायर किती टिकेल याचा आकडा त्याच्यावर छापलेला असतो का?

नाही. कारच्या टायरवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो, त्या पद्धतीचा आकडा मोटरसायकलच्या टायरला लागू नाही. दुकानदार 'हा पंचवीस हजार जातो बघा' म्हणतो, तो त्याचा अंदाज.

पण बाजूच्या भिंतीवर इतर बरंच लिहिलेलं असतं, आणि ते वाचता आलं पाहिजे. क्लासिकच्या मागच्या टायरवर १२०/८०-१८ असं दिसेल. १२० मिमी रुंदी, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, आणि रिम १८ इंची. त्यापुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा: ६२ म्हणजे २६५ किलो, ६५ म्हणजे २९०, ६९ म्हणजे ३२५. अक्षर वेगाचं: 'पी' म्हणजे ताशी १५०, 'एस' १८०, 'एच' २१०.

वेगाच्या अक्षराकडे सगळे बघतात, वजनाच्या आकड्याकडे कुणी नाही. जरा हिशोब करा. गाडी १९५ किलो, तुम्ही ८०, मागे बसणारं माणूस ६५, बॅगा ३०. झाले ३७० किलो. त्यातला साठ-बासष्ट टक्के भार मागच्या चाकावर धरला तर सव्वादोनशे-दोनशेतीस होतात. ६२ आकड्याचा टायर २६५ किलो पेलतो, पण पूर्ण हवा असेल तरच. हवा कमी ठेवून तेवढंच वजन टाकलंत की टायर आतून तापतो, आणि तापलेलं रबर भराभर झिजतं. कायम डबलसीट आणि सामान घेऊन फिरणाऱ्यानं कंपनीनं दिलेल्या वजनाच्या आकड्याखाली कधीच जाऊ नये. त्याच साइझमध्ये वरच्या आकड्याचा मिळाला तर उत्तम.

मग कडक रबराचा घेतला की प्रश्न मिटला?

इथेच बहुतेकांची गाडी घसरते, आणि माझी तर खरोखर घसरली होती.

क्लासिकला मी एकदा मुद्दाम कडक टायर टाकला होता. कारण एकच, तो संपत नाही अशी त्याची ख्याती. दीड वर्ष खूश होतो. ऑगस्टमध्ये गोव्याला जाताना आंबोलीचा घाट उतरत होतो. धुकं, बारीक पाऊस, रस्त्याच्या कडेला शेवाळ, आणि वरून वाहून आलेल्या लाल मातीचा पातळ लेप. वेग तीसच्या आसपास. एका डाव्या वळणात मागचा ब्रेक नुसता टेकवला आणि मागचं चाक हातभर बाहेर गेलं. पडलो नाही, पण खाली उतरून टायर बघितला तर नक्षी भरपूर शिल्लक. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं, रुतेना. त्या टायरनं अजून दहा हजार किलोमीटर काढले असते. मी काढू दिले नाहीत.

रबराचं गणित असं आहे. रस्त्याच्या बारीक खडबडीत मऊ रबर शिरतं, म्हणून पकड मिळते, आणि शिरून घासतं, म्हणून झिजतं. कडक रबर वरून सरकतं, म्हणून टिकतं. कोरड्या, तापलेल्या डांबरावर हा फरक फारसा कळत नाही. ओल्या आणि थंड रस्त्यावर लगेच कळतो. आता बऱ्याच कंपन्या रबरात सिलिका घालतात. तिच्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड सुधारते आणि झीजही फार वाढत नाही.

यातून निघालेला सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे दोन कंपाउंडचा टायर: मधला पट्टा कडक, खांदे मऊ. हायवे कडक रबरावर काढायचा, घाट मऊ रबरावर. लांब टूरिंगसाठी तुमच्या साइझमध्ये असा मिळत असेल तर मी दुसरं काही बघणार नाही. अडचण एवढीच की आपल्याकडच्या १८ इंची आणि लहान साइझमध्ये पर्याय मोजके असतात.

(जाता जाता: आंबोली उतरून दोडामार्गाकडे वळलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बागा लागतात, खोडाला बांधलेल्या वाट्यांसकट. झाडाच्या चिकाचं रबर वजनाखाली कमी तापतं, म्हणून ट्रकच्या टायरमध्ये ते भरपूर असतं.)

रेडियल घ्यावा की बायस?

साइझमध्ये 'आर' असेल तर रेडियल (आतले दोरे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे), नुसती आडवी रेघ असेल तर बायस (दोरे तिरके). रेडियल सतत वेगात कमी तापतो, म्हणून लांबच्या हायवेला बरा. बायसची भिंत जाड आणि ताठ असते, ती वजन आणि खड्डे सोसते. तुमच्या गाडीला कंपनीनं जो दिला तोच प्रकार ठेवा. पुढे एक आणि मागे दुसरा असं मिश्रण कंपनीनं सांगितल्याशिवाय करू नका.

बटणाचा टायर टाकला तर? दिसतोही भारी.

दिसतो, खरं आहे. पण सुट्या बटणांचा टायर डांबरावर टेकतो तो फक्त बटणांच्या डोक्यांवर. तेवढ्याशा रबरावर सगळं वजन येतं, प्रत्येक बटण वाकतं, घासतं, आणि काही हजार किलोमीटरमध्ये त्यांच्या मागच्या कडा करवतीसारख्या होतात. शिवाय ऐंशीच्या पुढे घोंघावतो. स्पिती किंवा झंस्करला महिनाभर जाणार असाल तर गोष्ट वेगळी. वर्षातले अकरा महिने डांबरावर असाल तर भरीव मधल्या पट्ट्याचा, बाजूला थोडी मोकळी नक्षी असलेला टायर घ्या. लाल मातीचा कच्चा रस्ता तेवढ्यावर आरामात होतो.

एक नंबर रुंद टाकू का? जास्त टिकेल ना?

उलट होतं. रिम तीच ठेवून १२० च्या जागी १४० बसवलात की अरुंद रिम त्याच्या भिंती आत ओढून धरते. टायर जास्तच टोकदार गोल होतो आणि रस्त्यावर टेकणारा मधला पट्टा बारीक होतो. तो मधला पट्टा आणखी लवकर झिजतो, वळताना गाडी जड लागते, कधी टायर चेनकव्हरला घासतो.

एखादा नंबर इकडेतिकडे करायचाच असेल तर उंची मोजा. हिमालयन ४११ चा १२०/९०-१७ सुमारे ६४८ मिमी उंच होतो, १३०/८०-१७ सुमारे ६४०. फरक चालण्यासारखा. पण रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे कंपनीच्या तक्त्यात बघितल्याशिवाय नको.

हवा किती ठेवू?

टायर किती टिकेल हे ब्रँडपेक्षा हवा जास्त ठरवते, असं माझं ठाम मत आहे.

आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांच्या चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) स्टिकरही असतो. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल भाराचा असतो, रोज भरायचा नव्हे. हवा कमी असली तर टायरच्या दोन्ही बाजू झिजतात आणि तो तापतो. जास्त असली तर फक्त मधला पट्टा झिजतो आणि पकड जाते.

हवा थंड टायरमध्ये बघायची. म्हणजे सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी. पंपावरचं मशीन खरं बोलेलच असं नाही. मी एकदा एकाच टायरची हवा एकाच सकाळी दोन पंपांवर बघितली, चार पीएसआयचा (हवेचा दाब मोजायचं एकक) फरक. तेव्हापासून स्वतःचा गेज टँकबॅगेत असतो. दुपारी रस्त्यात बघितलीत आणि चार-पाच पीएसआय जास्त दिसली तर सोडू नका. टायर तापला की हवा फुगतेच, साधारण दहा अंशांना दीड पीएसआय.

लडाखला उंचीवर हवा कमी करावी लागते म्हणतात, खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. गेज मोजतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, लडाखच्या खारदुंग ला खिंडीत जवळजवळ निम्मा. म्हणजे आतली हवा तीच राहून गेज सातेक पीएसआय जास्त दाखवणार. पण तिथे थंडीही असते. ३५ अंशांत भरलेली ३२ पीएसआय हवा ५ अंशांत आकसते, आणि दोन्ही धरून गेज ३४-३५ च्या आसपास दिसतो. थंडी आणि उंची एकमेकींना बरंचसं खाऊन टाकतात. तिथे घाबरून हवा काढणारे मनालीला उतरतात तेव्हा टायर बसलेला असतो, आणि पुढचे शंभर किलोमीटर तसेच ओढतात. मातीच्या, दगडांच्या पट्ट्यात दोन-तीन पीएसआय कमी केलीत तर खाली आल्यावर लगेच भरा.

नायट्रोजन भरावा का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट देत असतील तर घ्या.

दुकानात टायर घेताना फसवणूक कशी टाळायची?

तारीख बघायची. भिंतीवर 'डीओटी' लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघा.

मला एका दुकानात 'कालच आलेला माल' म्हणून टायर काढून दिला. घाई होती, बसवून घेतला. घरी धुताना आकडे दिसले, सव्वातीन वर्षांपूर्वीचा निघाला. परत गेलो तर उत्तर मिळालं, 'साहेब, आमच्याकडे कालच आलाय ना.' आता मी पैसे देण्याआधी तारखेचा फोटो काढतो. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा टायर बिनधास्त घ्यावा. वर्षाच्या पुढचा असेल तर भाव कमी करून मागावा, दोन वर्षांच्या पुढचा नकोच. रबर दुकानात पडूनही कडक होतं, विशेषतः उन्हात टांगून ठेवलेलं.

बसवताना समोर उभं राहावं का?

राहावंच, आणि चहाला जाऊ नये.

टायरच्या भिंतीवर बाण असतो, चाक पुढे फिरतं त्या दिशेला तो हवा. काही टायरवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी दोन वेगळे बाण असतात. मागचं चाक जोर लावतं आणि पुढचं ब्रेक सोसतं, म्हणून एकच टायर दोन जागी उलट दिशांनी बसतो. फिटर घाईत एकच बाण बघतो. भिंतीवर रंगाचा ठिपका असेल तर ती सहसा टायरची हलकी बाजू, ती वाल्वपाशी यायला हवी.

स्पोकच्या रिमला ट्यूब असेल तर टायरबरोबर ट्यूबही नवी घ्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि पंधरा दिवसांत पंक्चर होतो. अॅलॉयला ट्यूबलेस असेल तर वाल्व बदला, किरकोळ खर्च आहे.

चाक खाली आहेच, तर हब रबर (चाकाच्या आत बसवलेले, झटका खाणारे रबराचे तुकडे) दाबून बघा. ते मेले असतील तर प्रत्येक वेळी गिअर टाकताना झटका थेट टायरला बसतो. शेवटी चेनचा ताण आणि स्विंगआर्मवरच्या दोन्ही खुणा सारख्या आहेत ना ते स्वतः बघा. चाक जरा तिरकं बसलं तर एकच बाजू झिजते.

नवा टायर सहा हजार किमीतच गोटा झाला. कंपनी बदली करून देईल का?

टायरमध्ये बनवतानाचा दोष असेल, म्हणजे फुगवटा आला किंवा थर सुटला, तर दाद मागता येते. नुसत्या झिजेसाठी सहसा नाही, आणि तपासणारा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो. मधला पट्टा गेला असेल तर तो हवा विचारेल. एका जागी खोलगट चट्टा असेल तर मागचा ब्रेक लॉक करायची सवय विचारेल. सगळीकडून सारखाच गेला असेल तर बहुधा सिग्नलला क्लच टाकून उडी मारणारा हात आहे.

रस्त्याचाही वाटा असतो. मुंबई-गोवा रस्त्यावर आता बराच भाग सिमेंटचा झालाय, आणि पाणी थांबू नये म्हणून त्यावर ओढलेल्या रेघा टायरला किसणीसारख्या लागतात. एप्रिलच्या दुपारी त्यावर शंभरनं चालवण्यापेक्षा पहाटे निघून अकराला सावली गाठलेली टायरलाही बरी आणि तुम्हालाही.

बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

नियमानुसार दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिमीच्या खाली जाता कामा नये. खोबणीत बारीक आडवे उंचवटे असतात, भिंतीवरच्या छोट्या त्रिकोणाच्या किंवा 'टीडब्ल्यूआय' अक्षरांच्या रेषेत शोधा. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर मी दोन मिमीला काढतो. पाणी बाहेर फेकायला खोबण लागते, नियमाचं पुस्तक लागत नाही.

खोली मधल्या पट्ट्यात मोजा, कडेला नको. समजा नवा असताना ७ मिमी होती आणि ६,००० किमीनंतर ५ राहिली. म्हणजे ३,००० किमीला एक मिमी. दोनपर्यंत यायला अजून ९,००० उरले. साताऱ्याहून लेहला जाऊन-येऊन, आतलं फिरणं धरून, सहा हजारांच्या घरात जातं, तेव्हा हा टायर चालेल. पण ३.५ वर असलेला टायर घेऊन निघालात तर परतीच्या वाटेवर राजस्थानात कुठेतरी टायरचं दुकान शोधत बसाल, आणि तुमची साइझ तिथे नसेल.

वयही बघा. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या. भिंतीला तडे दिसले, किंवा दहा वर्षं झाली, तर नक्षी कितीही असो, काढा.

पंक्चर काढलेल्या टायरवर लांब जावं का?

ट्यूबलेसला मधल्या पट्ट्यात एक खिळा असेल आणि आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच) लावलं असेल तर जा. बाहेरून खुपसलेली पट्टी गावापर्यंत पोचायला असते. भिंतीला भोक पडलं तर दुरुस्ती नाहीच, टायर बदला.

रिमोल्ड टायर? किंवा मागे कारचा टायर बसवला तर? अमेरिकेत करतात म्हणे.

रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, मोटरसायकलला अजिबात नको. कारच्या टायरचं खरं आहे. अमेरिकेत होंडा गोल्ड विंगवाले काही जण मागे कारचा टायर घालतात, तो टिकतोही खूप. पण कारचा टायर सपाट असतो, गाडी झोपवली की त्याच्या कडेवर उभी राहते. त्यांचे रस्ते पन्नास-पन्नास मैल सरळ. आपल्याला वरंधा उतरायचा असतो.

ते सगळं ठीक, पण नेमका कोणता घेऊ?

नाव सांगायचं मी टाळतो, कारण तुमची गाडी, वजन आणि रस्ता मला माहीत नाही. एमआरएफ, सीएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप यांच्याकडे आपल्या साइझचे टायर मिळतात, आणि अकलूज-परभणीतही दुकानदार दुसऱ्या दिवशी मागवून देतो. पिरेली, मेट्झेलर, मिशेलिन ओल्या रस्त्यावर सुंदर चालतात, पण भाव जास्त आणि मोठ्या शहराबाहेर मिळतील याची खात्री नाही. ६५० च्या गाडीवर, वर्षाला पंधरा हजार किमी आणि त्यात चार पावसाळी फेऱ्या असतील तर मी तो जादा पैसा देईन. ३५० वर सत्तर-ऐंशीनं निवांत फिरणाऱ्यानं देशी, ताज्या तारखेचा, पुरेशा वजनाच्या आकड्याचा टायर घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून गेज आणि छोटा पंप घ्यावा.

नवा टायर घातल्यावर पहिल्या दिवशी काय जपायचं?

पहिले दीड-दोनशे किलोमीटर. साच्यातून निघालेल्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, तो घासून खरखरीत होईपर्यंत वळणात फार झोपवू नका, जोरात ब्रेक मारू नका. टायर बसवून थेट ताम्हिणीत जाणारे दरवर्षी भेटतात.

काढलेल्या जुन्या टायरचं काय करू?

दुकानात सोडून आलात तर कुणीतरी गरम सळईनं त्यात नक्षी कोरून तो पुन्हा विकू शकतो, आणि तो कुठल्यातरी मुलाच्या गाडीवर चढतो. मी फिटरकडून करवत मागून घेतो आणि दोन्ही भिंती आरपार कापून मगच टायर सोडतो. फिटर दर वेळी विचारतो, 'काय राव, एवढा चांगला टायर...' आंबोलीवाला तेवढा मी घरी आणला. परसात पेरूच्या रोपाभोवती ठेवलाय. नक्षी अजून तशीच आहे.